तीन बोटांची कविता

मी, युसुफ दगडू आतार, वय वर्षे अडुसष्ट, धंदा पेंटर, राहणार आळंदी रस्ता, भोसरी, मूळचा खेड तालुक्यातला, हे मृत्युपत्र स्वखुशीने करून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. मिनल साळवे यांनी तपासून दिला आहे व तो सोबत जोडला आहे. आयुष्यात एकदा ती ठिकाणावर नव्हती, त्याचा खुलासा कलम चारमध्ये येईल. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. माझा मुलगा अय्याज याने ते आणून पाहिले, परंतु त्याने आवाज चढवला की मी कानातले यंत्र काढून ठेवतो.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. आम्हा मुसलमानांना आपल्या मालमत्तेपैकी एक तृतीयांशच मृत्युपत्राने वारसांबाहेर देता येते, असे वकील सादिका इनामदार यांनी मला समजावून सांगितले. बाकीचे दोन भाग कोणाला किती जायचे ते वरूनच ठरलेले आहे. म्हणजे माझी माया आणि माझा राग या दोघांना मिळून एक तृतीयांशात भागवायचे आहे. राग जरा जास्त आहे, म्हणून मायेला जागा करून मग लिहितो.

२. माझी पत्नी शमीम २०११ साली वारली. दुकानामागील दोन खोल्या, बँकेतील ठेव व घरातील सामान हे अय्याज आणि मुलगी हीना यांना शरीयतप्रमाणे जावे. त्यात मुलाला मुलीच्या दुप्पट मिळते. हीनाने आईच्या आजारपणात चार वर्षे सुट्या घेतल्या आणि अय्याजने चार वेळा फोन केला, याची नोंद शरीयतमध्ये नाही, म्हणून मी माझी पिंपरीची खोली हयातीतच हीनाला बक्षीस देऊन ताबा दिलेला आहे. त्यावर अय्याजने जे बोलायचे ते तेव्हाच बोलून घेतले आहे. ते पुन्हा बोलू नये.

३. माझे ब्रश, हात टेकवायची काठी, रंगाचे डबे, काँप्रेसर व दोन शिड्या ही हत्यारे दुकानाबरोबर जातील. कोणाकडे, ते कलम सातमध्ये लिहिले आहे. या हत्यारांविषयी थोडे सांगतो, कारण वारसांना ती भंगार वाटतात. १९७६ साली मी खेडहून भोसरीला आलो, तेव्हा वडिलांनी अत्तराची पेटी दिली होती. मी ती विकून खारीच्या केसांचे सहा ब्रश घेतले. वडील दोन वर्षे बोलले नाहीत. पुढे एमआयडीसीतल्या निम्म्या वर्कशॉपांवर माझ्या हातचे 'धोका', 'सावधान' आणि 'येथे थुंकू नये' आहे. लोक पाटीखालीच थुंकत, पण अक्षर चांगले आहे असे म्हणत.

४. आता भिंतीविषयी. ही भिंत माझ्या मालकीची नाही व कधीही नव्हती, त्यामुळे ती या मृत्युपत्रात येऊ शकत नाही, असे वकीलबाईंचे मत आहे. ते बरोबर आहे. तरी लिहितो, कारण त्याशिवाय कलम सात कोणाला कळणार नाही.

२०१७ साली चाकणच्या एका कंपनीने मला बोलावले. कंपनीचे नाव लिहिले होते, ते वकीलबाईंनी खोडायला लावले. म्हणाल्या, मेल्यावर तुमच्यावर खटला होत नाही, माझ्यावर होतो. ही कंपनी मोटारींच्या दारांचे पत्रे प्रेसवर दाबून देते. तिथे कामगारांकडून एक फॉर्म भरून घेतला होता की तुम्ही किती आनंदी आहात, एक ते दहामध्ये सांगा. सरासरी तीन आली. प्लँट हेड साहेबांनी त्यावर असा उपाय काढला, की कँटीनच्या भिंतीवर आनंद रंगवून घ्यावा.

एचआरच्या रश्मी मॅडम माझ्याकडे आल्या. विषय ठरला होता 'आनंद आणि कविता'. त्यांनी मोबाइलवर परदेशातले एक जुने भित्तिचित्र दाखवले. उंच झाडांमधून पांढऱ्या झग्यातल्या बाया चाललेल्या, कोणाचेच पाय जमिनीला लागत नव्हते. एकीच्या हातात वाद्य. हे सिम्बॉलिक आहे, असे मॅडम म्हणाल्या, म्हणजे एक दाखवायचे आणि त्यातून दुसरे सांगायचे. मी म्हटले, हे काम मी चाळीस वर्षे करतो आहे. ट्रकच्या कपाळावर 'आईचा आशीर्वाद' लिहितो आणि दारावर फायनान्स कंपनीचे नाव.

कच्च्या चित्रावर तीन साहेबांनी सह्या केल्या. मधोमध कविता, म्हणजे पांढऱ्या वस्त्रातली बाई, मांडीवर वीणा. तिच्या शेजारी ढगावर सिंहासन, त्यावर आनंद, म्हणजे दुसरी बाई, जरा गुटगुटीत. वर हंस.

भिंत चौतीस फूट बाय अकरा. परांची बांधून मी सहा आठवडे कँटीनमध्ये काढले, तिथे आम्रपाली ओव्हाळ हिची ओळख झाली. ती आमटी वाढायची. त्याआधी ती कंत्राटदारामार्फत प्रेसवर होती. हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर असतो. माल जास्त निघावा म्हणून तो बंद करून ठेवला होता, आणि तिच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली, अंगठ्याशेजारचे आणि मधले. कागदावर मात्र ती बोटे घरी विळीवर गेली. मग तिला कँटीनला लावले आणि कंपनीने कसे सांभाळून घेतले हे सगळीकडे सांगितले जाऊ लागले.

मेनूचा फळा तीच लिहायची. अक्षर असे, की मी परांचीवरून उतरून पाहायला गेलो. भाजीच्या नावाखाली ती रोज दोन ओळी स्वतःच्या जोडायची. एक मला पाठ आहे:

आज वांगं, उद्या वांगं, परवा वांग्याला सुट्टी,
साहेबांच्या ताटात पनीर, आमच्याशी पनीरची कट्टी.

पाचशे माणसे फळा वाचायला पाच मिनिटे आधी यायची. साहेब लोक वर वेगळे जेवत, त्यामुळे त्यांना ठाऊक नव्हते. मला वाटले, या इमारतीत कविता कोण हे मी आणखी कोणाला विचारायचे?

मी वीणा वाजवणाऱ्या बाईला आम्रपालीचा चेहरा दिला. पांढऱ्या वस्त्राला कँटीनच्या एप्रनचे बंद काढले. आणि वीणेवरच्या डाव्या हाताला तीन बोटे काढली. सिंहासनाच्या जागी लोखंडी स्टूल काढले, कारण प्रेसवर आठ तास उभे राहायचे असते आणि बसायला स्टूल आणले तर मेमो मिळतो. त्या स्टुलावर मी आनंदाला बसवलेच नाही. हंस चौदा काढले, गेटमधून बाहेर उडताना. दिवाळीच्या आठवड्यात चौदा जणांना कामावरून काढले होते.

हे सर्व मी आम्रपालीला न विचारता केले. हे वाक्य अनावश्यक आहे असे वकीलबाई म्हणतात. ते ठेवावे असा माझा आग्रह आहे.

उद्घाटनाला प्लँट हेड साहेबांनी विचारले, की सिंहासनावर आनंद का दिसत नाही. मी म्हटले, "साहेब, आनंद दिसत नसतो, तो जाणवतो." साहेबांना हे इतके आवडले की भाषणात त्यांनी ते स्वतःचे म्हणून सांगितले. सांगवीहून बोलावलेल्या पाहुण्या कवींनी चौदा हंस म्हणजे चौदा भुवने असा अर्थ लावला आणि त्यावर वीस मिनिटे घेतली. पाचशे माणसे खाली माना घालून बसली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. साहेबांनी रश्मी मॅडमना हळूच सांगितले, बघा, रडतायत.

त्या दिवशी मी स्वतःला भोसरी-चाकण पट्ट्यातला सर्वांत हुशार माणूस समजलो. बुद्धी ठिकाणावर नव्हती असे वर म्हटले, ते हेच.

पुढे एकोणीस महिने कंपनीने ते चित्र मिरवले. कॅलेंडरवर छापले. 'आनंदी कार्यस्थळ' म्हणून कुठलीशी ढाल मिळाली, ती चित्राखालीच टांगली. नवीन कामगार लागला की पहिल्या दिवशी जुने लोक त्याला भिंतीपुढे उभे करून सगळा अर्थ सांगत. पाचशे जणांना कळलेली गोष्ट वरच्या मजल्यावरच्या नऊ जणांना कळली नाही, कारण कोणी हाताकडे बघत नव्हते. आम्रपाली मला काही बोलली नाही. चित्राखालचे टेबल ती रोज सर्वांत शेवटी पुसायची आणि पुसताना वर बघायची. मी ती पसंती समजलो.

५. २०१९ च्या जूनमध्ये परदेशी गिऱ्हाइकाचा एक तपासनीस आला. त्याने कामगारांबरोबर जेवायचा हट्ट धरला. मी त्या दिवशी कँटीनमध्ये ढालीखालची पाटी लिहीत होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिले. तो ताट घेऊन भिंतीसमोर बसला, चित्र पाहत राहिला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजले. तेवढ्यात आम्रपालीने डाव्या हाताने त्याची वाटी धरून आमटी वाढली. त्याने हात पाहिला, भिंत पाहिली, पुन्हा हात पाहिला. चमचा खाली ठेवला आणि दुभाष्याला सांगून अपघातांचे रजिस्टर मागवले. त्यात तिचे नाव नव्हते.

दुपारी केबिनमध्ये बोलावणे आले. साहेब, रश्मी मॅडम आणि कंत्राटदार बसले होते. आम्रपालीला आधी विचारून झाले होते, ती दाराशी उभी होती. चित्रातला हात कोणाचा असे तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली होती, "माझा." एवढेच.

मग मला विचारले. माझ्याकडे तेव्हा बारा कंपन्यांच्या पाट्यांचे काम होते आणि बाराही साहेब एकमेकांचे मित्र होते. मी म्हणालो, "कोणाचाच नाही साहेब. ब्रश घसरला."

चाळीस वर्षांत माझा ब्रश घसरलेला नाही. हे भोसरीत कोणालाही विचारावे.

तिचे काम त्याच आठवड्यात गेले. कंत्राटदाराने कारण लिहिले, की कँटीनमध्ये मनुष्यबळ जास्त झाले आहे. मला काम मिळाले. ती भिंत करड्या रंगाने सपाट करून देण्याचे. मी ते घेतले. रविवारी दुपारी कँटीन बंद असताना एकट्याने रोलर फिरवला. आधी हंस घेतले, मग स्टूल. ती मधली बाई राहिली असताना मागून आवाज आला. आम्रपाली तिचा डबा आणि चप्पल न्यायला आली होती. तिने डबा काखेत घेतला, चप्पल उचलली. मग म्हणाली, "काढताना विचारलं नाही, भाई. पुसताना तरी विचारायचं."

मी रोलर खाली ठेवला नाही. ठेवला असता तर हे मृत्युपत्र इतके लांबले नसते.

त्या करड्या भिंतीने माझी पत वाढली. ऐकणारा माणूस आहे अशी शिफारस होऊन आणखी तीन कंपन्या मिळाल्या. दुसऱ्या वर्षी साथ आली आणि सगळ्यांना 'हात धुवा'च्या पाट्या हव्या झाल्या. प्रत्येक पाटीवर दोन हात. मी दोनशेच्या वर पाट्या केल्या आणि प्रत्येक हाताची बोटे मोजून काढली. अक्षर आपोआप येत होते, हात येत नव्हते.

२०२१ मध्ये मी तिचा पत्ता काढला. भोसरी गावठाणात आईबरोबर एका खोलीत राहून ती डबे करत होती. मी दारात उभा राहून माफीचे जे पाठ करून आलो होतो ते म्हटले. तिने पोळी तव्यावरून उतरेपर्यंत ऐकून घेतले. मग विचारले, "दुकानात माणूस हवाय का? तुमचा 'ळ' चुकतो. माझं आडनाव लिहून बघा एकदा, कळेल." माफीबद्दल ती तेव्हाही बोलली नाही व आजवर बोललेली नाही. मी पुन्हा मागितलेली नाही.

६. रागाची वाटणी अशी:

उपरोक्त प्लँट हेड साहेब आता निवृत्त होऊन कामाच्या जागी आनंदी कसे राहावे यावर व्याख्याने देतात. त्यांना मी त्या भिंतीतून उरलेला करडा रंग, अंदाजे सव्वादोन लिटर, झाकण बंद स्थितीत, देत आहे. व्याख्यानाच्या वेळी पाठीमागे लावावा.

कंपनीने चित्र पुसल्यावर ते कॅलेंडर परत मागवले होते. चारशे वाटली होती, अकरा परत आली. बाकीची आजही लोकांच्या स्वयंपाकघरात आहेत, वर्ष केव्हाच उलटले तरी. माझ्याकडे तीन आहेत. एक हीनाला. एक रश्मी मॅडमना, ज्यांनी त्या केबिनमध्ये पेनाचे टोपण चावून मोडले. पुढे त्यांनी नोकरी सोडली असे ऐकतो. तिसरे अय्याजला, यासाठी की त्याने ते एकदा तरी नीट पाहावे.

सांगवीच्या कवींना काही देत नाही. त्यांना चौदा भुवने आहेतच.

७. माझे दुकान, 'युसुफ आर्ट्स', दहा बाय बारा, रेडियम कापायच्या मशीनसह व कलम तीनमधील सर्व हत्यारांसह, मी आम्रपाली ओव्हाळ हिला देत आहे. (येथील एक ओळ खोडली आहे. कलम नऊ पाहावे.) त्याची किंमत माझ्या एक तृतीयांशाच्या आत बसते, हे वकीलबाईंनी दोनदा तपासले आहे. सबब कोणाही वारसाने हरकत घेऊ नये, घेतल्यास ती टिकणार नाही.

अय्याजला त्या जागी मोबाइलचे दुकान काढायचे होते. तो मला असेही म्हणाला, की लोक तुमच्याबद्दल आणि त्या बाईबद्दल काय बोलतात ते तुम्हाला माहीत आहे का. माहीत आहे. लोकांची सोय व्हावी म्हणून खरे काय ते येथे नोंदवतो. गेली चार वर्षे ती सकाळी नऊला येते व सहाला जाते. माझा 'ळ' तिने सुधारला. मोशीच्या शाळेचा पंचवीस फुटी बोर्ड तिने एकटीने शिडीवर उभे राहून केला आणि खाली उभे राहून मी फक्त शिडी धरली. गिऱ्हाइके आता मला विचारतात, ताई आहेत का. दोन वर्षांपूर्वी माझे हात थरथरू लागले, तेव्हापासून दुकानातले एकही अक्षर माझे नाही. पाटीवर नाव मात्र माझे आहे, आणि हे साहेबांनी माझे वाक्य भाषणात वापरले तसेच झाले, हे मला उशिरा लक्षात आले. दुकानाचे नाव बदलायचे की नाही हे तिने ठरवावे.

८. मला भोसरीच्याच कबरस्तानात दफन करावे. पाटी लावू नये. लावायचीच झाली तर हाताने लिहिलेली लावावी.

९. दुरुस्ती. या मृत्युपत्राचा मसुदा मी गेल्या गुरुवारी आम्रपालीला दुकानात वाचून दाखवला. तिला काही मिळत असल्याने ती साक्षीदार होऊ शकत नाही, पण ऐकायला हरकत नाही असे वकीलबाई म्हणाल्या होत्या. कलम सातमध्ये मी मूळ असे लिहिले होते, की 'माझ्यामुळे तिचे जे नुकसान झाले त्याची भरपाई म्हणून'. तिथे तिने मला थांबवले. ती एक नंबरप्लेट पुसत होती, ती पुसून तिने बाजूला ठेवली.

"भरपाई ज्यांनी द्यायचीय त्यांच्याकडं मी मागीन," ती म्हणाली. "ते माझं मी बघते. बोटांच्या बदल्यात दुकान घेतलं असं कागदावर राहायला नको. कारागिराला दुकान दिलं असं लिहा, नाहीतर माझं नाव काढा."

मी म्हटले, वकिलांनी टाइप करून आणले आहे. ती म्हणाली, मग खोडा, खोडायला तुम्हाला येतं.

म्हणून सदर ओळ मी स्वहस्ते खोडून शेजारी सही केली आहे. तिच्या जागी 'या दुकानातील सर्वांत चांगली कारागीर म्हणून' असे वाचावे. त्यातला 'कारागीर' हा शब्द तिने सांगितला. 'सर्वांत चांगली' हे मला वाढवायचे होते, म्हणून तिला विचारले.

थोडा विचार करून ती म्हणाली, "वाढवा. खरं आहे ते."

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, चष्मा लावून सही केले. सही थरथरली आहे, ती माझीच आहे.

लिहून ठेवणार: युसुफ दगडू आतार

आमच्यासमक्ष सही केली, म्हणून साक्ष:

१. विलास बाबूराव रोकडे, निवृत्त प्रेस ऑपरेटर, राहणार दिघी
२. डॉ. मिनल साळवे, भोसरी

मसुदा: ॲड. सादिका इनामदार

स्थळ: भोसरी, पुणे ३९
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५